दोष आढळला नाही

आमच्या डेपोत हँडब्रेकचा व्हॉल्व सगळ्यांत बदनाम होता, आणि त्यात त्या बिचाऱ्याची काहीच चूक नव्हती. बेलफास्टच्या वरच्या वस्त्यांमध्ये दगडफेक सुरू झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून माझ्या खिडकीपाशी ड्रायव्हरांची रांग लागायची. प्रत्येकाच्या हातात तक्रारीचं पिवळं कार्ड आणि प्रत्येक कार्डावर तीच रड: हँडब्रेक नीट लागत नाही, हँडब्रेक नीट सुटत नाही. इंजिन बिघडलं म्हणावं तर मी ते सुरू करून दाखवणार. टायर बसला म्हणावं तर तो आंधळ्यालाही दिसतो. हँडब्रेकचा दोष मात्र येतो आणि जातो, त्यामुळे कुणाला खोटं पाडता येत नाही. गाडी तपासायला घेतली की दोन तास मोडायचे, तेवढ्यात वरची फेरी रद्द व्हायची, आणि ड्रायव्हरसाहेब कँटीनमध्ये चहा ढोसत बसायचे.

मी वेस्ली पर्डी, तिथला फिटर. तेव्हा अडतीस वर्षांचा होतो आणि माझं डोकं बाराही महिने तापलेलं असायचं. भित्र्या माणसाचा मला राग नाही, कारण डोक्यावर पेटती बाटली पडायची भीती कुणालाही वाटेल. पण भीती वाटते असं सरळ न सांगता माझ्या व्हॉल्ववर बालंट आणणाऱ्यांचा मला संताप यायचा.

हा ब्रेक कसा चालतो ते दोन वाक्यांत सांगतो. बसच्या मागच्या चाकांपाशी जाडजूड स्प्रिंगा असतात. त्या चाकं आवळायला टपलेल्या असतात आणि टाकीतली हवा त्यांना मागे रेटून धरते, म्हणून बस चालते. ड्रायव्हरने हाताशी असलेली छोटी दांडी ओढली की व्हॉल्वमधून फुस्सकन हवा बाहेर जाते आणि स्प्रिंगा चाकं आवळतात. थोडक्यात, हवा गेली की बस तसूभर हलत नाही.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी त्या रांगेत मॅलाकी देव्हेनी दिसला. पंचेचाळिशीचा, लांब हातापायांचा, सावकाश बोलणारा माणूस. एकवीस वर्षांत तो त्या रांगेत कधी उभा राहिला नव्हता. त्याचं चर्च वेगळं, माझं वेगळं; तो कॅथलिक, मी प्रोटेस्टंट. डेपोत त्याबद्दल कुणी बोलायचं नाही आणि कुणी विसरायचंही नाही. पण त्याच्याबद्दल मला मान होता, आणि म्हणूनच त्याला तिथे बघून माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"तू पण, मॅलाकी?"

"वाचून तर बघ," तो म्हणाला.

कार्डावर त्याच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: वरच्या शेवटच्या थांब्यावर गाडी थंडीत दहा मिनिटं उभी राहिली की व्हॉल्वमधून हवा गळते आणि ब्रेक आपोआप आवळायला लागतो.

"थंडीत!" मी म्हणालो. "गाडीला थंडी वाजते का रे? मग स्वेटर घाल तिला."

मागची रांग हसली. मॅलाकी हसला नाही. मी पान्याला हातही न लावता खाली लिहिलं, 'तपासले. दोष आढळला नाही.' सही ठोकली आणि कार्ड त्याच्यापुढे सरकवलं. ते त्याने शांतपणे खिडकीजवळच्या कार्डांच्या खोक्यात टाकलं आणि तो गाडी घेऊन गेला.

गुरुवारी दुपारी, त्याच गाडीवर, त्याच शेवटच्या थांब्यावर तोंडं बांधलेली सहा पोरं चढली. प्रवाशांना त्यांनी खाली हाकललं. त्यांना बस पन्नास पावलं खाली नेऊन रस्त्यात आडवी लावायची होती, म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या गाड्या वर येऊ शकल्या नसत्या. एकाने मॅलाकीला ओढून काढलं आणि दुसरा सीटवर बसला. त्याने इंजिन सुरू केलं, दांडी सोडली, पण चाकं काही सुटेनात. टाकीत हवा नव्हती आणि हवा कमी असल्याचा भोंगा कोकलत होता.

"हवा कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

"मला नाही माहीत," मॅलाकी म्हणाला.

मग त्यांनी त्याला हर्लीच्या काठ्यांनी मारलं. हर्लिंग हा आमच्याकडचा मैदानी खेळ, आणि त्याची ही काठी अ‍ॅश लाकडाची, टोकाला पसरट असते. पहिला फटका गुडघ्यावर बसला. तो पडल्यावर बरगड्यांवर, आणि मग तोंडावर. दर फटक्यागणिक एकच प्रश्न, आणि त्याचं एकच उत्तर. जबडा तुटल्यावर उत्तरही थांबलं. एवढ्यात मोकळ्याच राहिलेल्या रस्त्याने सैन्याच्या दोन गाड्या वर आल्या. दोन पोरं पकडली गेली, बाकीची गल्ल्यांमध्ये पळाली.

बस आणायला मलाच पाठवलं. दाराच्या पायरीवर रक्त गोठलं होतं आणि दार सरकतं त्या खाचेत एक दात अडकला होता. मी बसखाली उताणा झोपलो आणि स्प्रिंगांचे बोल्ट पान्याने फिरवून चाकं मोकळी केली. कानाशी एका सैनिकाचे बूट वाजत होते. 

डेपोत पोचलो तर कँटीनमध्ये जत्रा भरली होती. आमचा फोरमन गॉल्ट, जो एरवी ड्रायव्हरांना आळशी गाढवं म्हणायचा, तो टेबल बडवत होता. "पठ्ठ्याने हवा सोडून दिली! इंजिन घोंघावतंय आणि गाडी ढिम्म! याला म्हणतात छाती!" सगळे टाळ्या पिटत होते. मी पण दोनदा हात आपटले. त्या खोक्यात एक पिवळं कार्ड पडलं होतं हे मात्र फक्त मला ठाऊक होतं.

त्या रात्री बस उघड्या अंगणात राहिली आणि सकाळी तिच्या काचांवर दहिवर गोठलेलं होतं. मी इंजिन सुरू केलं, टाक्या भरू दिल्या, दांडी सोडली आणि व्हॉल्वच्या तोंडावर तळहात धरला. गार हवेची बारीक धार तळहातावर आली. ती हळूहळू जाड झाली. पाच मिनिटांत मागची चाकं कचकन आवळली आणि भोंगा कोकलायला लागला. मी सीटवर बसून राहिलो. मॅलाकीने अक्षर न् अक्षर खरं लिहिलं होतं. व्हॉल्व काढला, चिंधीत गुंडाळला, कोटाच्या आतल्या खिशात घातला, खोक्यातून ते कार्ड घेतलं आणि इस्पितळ गाठलं.

मॅलाकीची बायको ब्रोना वॉर्डच्या बाहेर उभी होती. ठेंगणी, लाल केसांची, कपडे धुवायच्या कारखान्यात काम करून हात दगड झालेले.

"बघायला आलास? मीच नीट बघून घेते त्याला, त्याचे किती दिवस उरलेत कोण जाणे," ती म्हणाली.

"म्हणजे? डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरांचं सोड. टोनरने निरोप पाठवलाय. म्हणे मॅलाकीने मुद्दाम हवा सोडली, त्याच्यामुळे दोन पोरं आत गेली. हा बरा होऊन बाहेर आला की गोळी घालणार. तुमच्या कँटीनमध्ये टाळ्या वाजल्या म्हणे? त्या टाळ्या वरपर्यंत ऐकू आल्या, वेस्ली. आता कोण ऐकणार आमचं?"

टोनर हा त्या तोंडं बांधलेल्या पोरांचा म्होरक्या आणि त्यांच्या वस्तीतलं शेवटचं न्यायालय. तो बोलला की बोलला.

मी तिला सगळं सांगितलं. रांग, कार्ड, तो स्वेटरचा विनोद, माझी सही.  तिने बंद मुठीने माझ्या कानाखाली अशी लगावली की भिंतीवरची तसबीर हलली. एक नर्स धावत आली.

"काही नाही," ब्रोना तिला म्हणाली. "याचा तोल गेला." मग माझ्याकडे वळली. "हे सगळं टोनरपुढे बोलशील?"

"तिथून मी परत येईन का?"

"ते मला माहीत नाही. चल."

एक तास आम्ही चढण चढत होतो. माझ्यासारख्या नावाचा माणूस त्या रस्त्याने सहसा चालत जात नाही. ती माझ्या दंडाला धरून चालली होती. आधार देत होती की पळू नये म्हणून धरून होती, ते मी विचारलं नाही.

टोनरचं टायरचं दुकान होतं. तो स्वतः बुटका, लोकरी जाकीट घातलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एखाद्या पोस्टमास्तरसारखा. कोपऱ्यात गॅसची शेगडी लालबुंद पेटली होती. तिच्याजवळ दोन जवान गडी बसले होते, एकाच्या मांडीवर हर्लीची काठी होती. दुसऱ्याचं पिस्तूल टायरच्या चळतीवर सहज ठेवल्यासारखं पडलं होतं.

"ब्रोना, हे काय उचलून आणलंस?" टोनरने विचारलं.

"हा डेपोचा फिटर. याला तुला काहीतरी दाखवायचंय."

मी म्हणालो, "मिस्टर टोनर, मॅलाकीने काही केलं नाही. व्हॉल्वच नासका आहे. हवा आपोआप गेली. तुमच्या कंप्रेसरवर लावून दाखवतो."

"दाखव की. आम्ही अडाणी माणसं, आम्हाला शिकव."

मी व्हॉल्व खिशातून काढला, नळी जोडली, हवा सोडली आणि त्याच्या तोंडावर साबणाचं पाणी लावलं. हवा गळत असती तर बुडबुडे आले असते. एक बुडबुडा आला नाही. दांडी मागेपुढे केली, पुन्हा पाणी लावलं. तरीही काही नाही. व्हॉल्व एखाद्या सालस मुलासारखा गप्प बसला होता.

"छान आहे," टोनर म्हणाला. "नवा वाटतो."

काठीवाला उठला. पहिला फटका कमरेत, पाठीच्या कण्याशेजारी बसला. मी गुडघ्यांवर आलो. दुसरा तोंडावर. पुढचे दोन दात जिभेवर आले आणि तोंड खारट झालं. "कुणी पाठवलं तुला? सैन्याने?" तो ओरडत होता. तिसरा फटका खांद्यावर आला तेव्हा ब्रोना मधे घुसली आणि तिने काठीच धरली.

"अरे, मारून टाकलास तर तो दाखवणार कसा?"

"दाखवलं की त्याने," टोनर म्हणाला. "सगळं दिसलं आम्हाला." त्याने पिस्तूलवाल्याकडे नुसती मान हलवली. त्या गड्याने पिस्तूल उचललं आणि त्याचं तोंड माझ्या मानेच्या खळग्यात टेकवलं.

माणसाला मरताना देव आठवतो म्हणतात. मला आठवलं ते आतलं रबर. सकाळी अंगणात हवा गळत होती आणि आता गळत नाही, तर मधल्या वेळात काय बदललं? व्हॉल्व तासाहून जास्त वेळ माझ्या छातीशी होता. आता शेगडीजवळ आहे. मॅलाकीने कार्डावर लिहिलं होतं, थंडीत. गारठ्याने आतलं रबर कडक होत होतं आणि त्याच्या कडेने हवा निसटत होती. ऊब मिळाली की ते पुन्हा मऊ होऊन गच्च बसत होतं. ज्या शब्दाची मी टिंगल केली होती त्यातच सगळा दोष होता. आणि मी शहाणा तो दोष स्वतःच्या अंगाने शेकत इथवर घेऊन आलो होतो.

"फ्रीझर!" मी रक्ताच्या चुळीतून ओरडलो. "शेजारी तळलेल्या मासळीचं आणि चिप्सचं दुकान आहे ना? त्यांच्या मासळीच्या फ्रीझरमध्ये ठेवा हा. अर्धा तास. त्याला थंडी लागते."

"ऐकलंत?" टोनर म्हणाला. "आता याला आइस्क्रीम पाहिजे."

"अर्धा तास, टोनर," ब्रोना म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "माझ्या नवऱ्याच्या जिवाला अर्धा तास नाही तुझ्याकडे? तुझ्या आईच्या मयताला चार दिवस भांडी घासली होती मी."

टोनरने चष्मा पुसला. मग व्हॉल्व पिस्तूलवाल्याच्या हातात दिला. "मासळीखाली दाब. आणि माझ्यासाठी चिप्स आण, व्हिनेगर जास्त."

तो अर्धा तास मी टायरला टेकून बसलो होतो. टोनरने शांतपणे चिप्स खाल्ल्या. ब्रोनाला त्याने चहा विचारला, ती नको म्हणाली. मला कुणी काही विचारलं नाही. काठीवाला काठीवरचं माझं रक्त चिंधीने पुसत होता, फारच मन लावून.

व्हॉल्व परत आला तेव्हा त्याला पांढरा बर्फ धरला होता आणि माशाचा वास येत होता. मी नळी जोडली. ओठ इतके सुजले होते की मनातल्या मनातही प्रार्थना धड होईना. साबणाचं पाणी लावलं. क्षणभर काही झालं नाही. मग एक बुडबुडा आला, लिंबाएवढा झाला, फुटला. त्याच्यामागे दुसरा. मग सगळा फेसच उसळला आणि हवा सापासारखी फूत्कारायला लागली. कंप्रेसरवरचा काटा आमच्या डोळ्यांदेखत खाली खाली आला.

ब्रोना टायरच्या चळतीवर बसली आणि तिने कोटाच्या बाहीला डोळे पुसले.

"म्हणजे मॅलाकीचा दोष नाही," टोनर म्हणाला.

"नाही."

"त्याला हे माहीत होतं?"

"त्याने लिहून दिलं होतं. सोमवारीच." मी कार्ड पुढे केलं. त्याने ते दिव्याखाली धरून सावकाश वाचलं.

"आणि ही खालची सही?"

खोटं बोलता आलं असतं. गॉल्टचं नाव घेतलं असतं तरी त्याला पटलं असतं. पण त्या एका कार्डावर खोटं लिहून मी भरून पावलो होतो.

"माझी," मी म्हणालो.

"तपासलं होतंस?"

"नाही."

"तुझ्या या सहीने आमची दोन पोरं आत गेली आणि आमच्याच एका भल्या माणसाला आम्ही मारलं. आम्हाला मारायला लावलंस तू." तो खरोखर दुखावला होता, त्याचं मला आजही आश्चर्य वाटतं. "कुठल्या हाताने सही करतोस?"

त्यांनी माझा उजवा हात टायरच्या रिमवर ठेवला. पिस्तूलवाल्याने मनगट धरलं. टायर उतरवायची लोखंडी पहार टोनरने स्वतः उचलली, जाकिटाची बाही वर सारून. पहिल्या घावाला मी ओरडलो ते रस्त्यावर ऐकू गेलं असणार. दुसऱ्याला आवाजच फुटला नाही. तिसरा मी पाहिला, पण तो मला लागला नाही. तोवर हात माझा राहिलाच नव्हता. ब्रोनाने तोंड फिरवलं नाही. सगळं संपल्यावर तिने गळ्यातला रुमाल सोडला, माझा हात बांधला आणि टोनरला विचारलं, "मॅलाकी आता मोकळा?"

"मोकळा. त्याला सांग, आमच्याकडून चूक झाली."

तीन बोटं कायमची गेली, म्हणजे आहेत, पण शोभेला. त्याच इस्पितळात, मॅलाकीच्या खालच्या मजल्यावर मला ठेवलं. डेपोतून कुणी आलं नाही. मॅलाकीने मुद्दाम काही केलं नव्हतं, वेस्लीनेच गाडी न तपासता रस्त्यावर सोडली होती, ही बातमी पोचली होती. गॉल्टने चिठ्ठी पाठवली की परत येण्याचे कष्ट घेऊ नयेत. माझी तक्रार नव्हती. उलट झोप चांगली लागत होती. केलेलं फेडलं असं वाटत होतं.

दहाव्या दिवशी जिने चढून मॅलाकीकडे गेलो. त्याचा जबडा तारांनी बांधला होता, तो दातांतून बोलायचा. ब्रोना घरी गेली होती.

"माफ कर, मॅलाकी," मी म्हणालो. पुढचं ठरवून आलेलं सगळं विसरलो.

त्याने माझा हात पाहिला, बराच वेळ. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"अरे, रडतोस काय? सुटलास तू. टोनर स्वतः म्हणाला."

"वेस्ली," तो दातांतून म्हणाला, "गुरुवारी ऊन होतं."

मला आधी कळलंच नाही.

"स्वच्छ ऊन. व्हॉल्व ठणठणीत होता. ती पोरं चढली, आणि त्यांतल्या एकाने मिसेस मॅग्राची बाजाराची पिशवी लाथेने उडवली. ऐंशीची म्हातारी. तिची अंडी रस्त्यावर फुटली आणि ती खाली बसून ती गोळा करायला लागली. माझं डोकं फिरलं. इंजिन बंद केलं आणि दांडी मागेपुढे, मागेपुढे, टाकी रिकामी होईपर्यंत. ती पुन्हा भरेस्तोवर थांबायला त्या पोरांना वेळ नव्हता. मीच सोडली हवा."

मी पलंगाची कड धरली. डाव्या हाताने, कारण दुसरा उरला नव्हता. त्या तुटक्या जबड्यावर आणखी एक ठेवून द्यावी असं मला मनापासून वाटलं, आणि त्याच वेळी त्याच्या पाया पडावंसंही वाटलं.

"ब्रोनाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. तिला कळलं तर टोनरच्या आधी तीच मारेल मला." तो हसायला गेला आणि दुखून कळवळला. "आता काय करणार तू?"

काय करणार होतो? खरं बोललो असतो तर माझी नोकरी परत मिळाली असती, कदाचित टाळ्याही, आणि आठवड्याच्या आत मॅलाकी मेला असता.

"काय करणार," मी म्हणालो. "व्हॉल्व नासका होता."

चोवीस वर्षं मी हेच सांगत आलो. दारूच्या गुत्त्यात लोक माझ्याकडे पाठ करून बसायचे, तरीही हेच सांगितलं. गेल्या नाताळाच्या आधी मॅलाकी झोपेतच गेला, स्वतःच्या पलंगावर, एकोणसत्तराव्या वर्षी. खांदा द्यायला ब्रोनाने मला बोलावलं, आणि मी डावा खांदा दिला.